काउंट चंद्रावर उतरतो

अलेक्झांडर ड्यूमाला 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी रोममधून सुरू करायची होती. मार्सेय बंदर, साखरपुड्याच्या जेवणावळीतून उचलून नेलेला तरुण खलाशी एदमाँ दांतेस, शातो दीफ या समुद्रातल्या किल्ल्यात गेलेली चौदा वर्षं, कफनाच्या गोणीत शिरून केलेली सुटका, हे सगळं पहिल्या आराखड्यात मागे होतं. पुढे योग्य वेळ आली की ते कुणाच्या तरी तोंडून कळणार होतं. सुरुवातीच्या पानांवर असणार होते कार्निव्हलसाठी रोमला आलेले पॅरिसचे दोन श्रीमंत तरुण आणि त्यांना भेटणारा एक माणूस. फिकट चेहऱ्याचा, अफाट पैशाचा, कुठून आला हे कुणालाच ठाऊक नसलेला.

ड्यूमाने ही हकिकत स्वतःच लिहून ठेवली आहे. १८४२ साली तो फ्लॉरेन्समध्ये राहत असताना नेपोलियनचा भाऊ झेरोम बोनापार्ट याने आपल्या तरुण मुलाला एल्बा बेट दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्या सफरीत समुद्रातून सुळक्यासारखं वर आलेलं एक निर्जन बेट दिसलं. त्याचं नाव मॉन्टे क्रिस्टो. तिथे उतरलात तर परतल्यावर विलगीकरणात राहावं लागेल, असं नावाड्यांनी सांगितलं, म्हणून दोघांनी बेटाला नुसता वळसा घातला. या सफरीची आठवण म्हणून एका कादंबरीला बेटाचं नाव देईन, असा शब्द ड्यूमाने त्या राजपुत्राला दिला. गोष्ट मात्र नंतर मिळाली. झाक प्यूशे नावाच्या गृहस्थाने पॅरिस पोलिसांच्या दप्तरातून जमवलेल्या हकिकतींत फ्रांस्वा पिको नावाच्या एका चांभाराचं प्रकरण होतं. लग्न ठरलेलं, जळणाऱ्या मित्रांनी तो इंग्रजांचा हेर असल्याची खोटी चुगली केलेली, मग कैद, कैदेत एका इटालियन धर्मगुरूकडून मिळालेला संपत्तीचा वारसा, आणि सुटल्यावर एकेकाचा काढलेला काटा.

ड्यूमाने रोमपासूनचा आराखडा आपला सहलेखक ओग्युस्त माके याला ऐकवला. माकेने सरळ विचारलं की दांतेसचं प्रेम, विश्वासघात, तुरुंग, म्हणजे गोष्टीतला सर्वांत जिवंत भाग तुम्ही ओलांडून जाताय, तो का? ड्यूमाला ते पटलं. कादंबरी मार्सेय, रोम, पॅरिस अशा क्रमाने उभी राहिली. २८ ऑगस्ट १८४४ पासून 'जूर्नाल दे देबा' या वृत्तपत्रात ती छापली जाऊ लागली आणि जानेवारी १८४६ पर्यंत चालली. ११७ प्रकरणं झाली. माके कादंबरीकार म्हणून आज कुणाला आठवत नाही, पण जगाने दीडशेहून अधिक वर्षं ही सूडकथा ज्या क्रमाने वाचली आहे तो त्याने सुचवलेला क्रम आहे.

या क्रमाचा एक परिणाम असा की वाचक पहिल्या शंभर-दीडशे पानांतच दांतेसच्या बाजूचा होऊन जातो. एकोणीस वर्षांचा, निष्पाप, आपल्या जहाजावर आणि आपल्या मर्सेदेसवर जीव टाकणारा मुलगा डोळ्यांसमोर उद्ध्वस्त झालेला असतो. पुढे तो काउंट होऊन आपला घात करणाऱ्या फर्नां, दांग्लार आणि विलफोर या तिघांच्या संसारांना आग लावतो तेव्हा वाचक ते समाधानाने पाहतो. न्याय होतोय असं त्याला वाटतं, कारण अन्याय त्याने पाहिलेला असतो.

५ ऑक्टोबर २००४ रोजी, मंगळवारी रात्री उशिरा, जपानच्या टीव्ही आसाही वाहिनीवर एक ॲनिमे मालिका सुरू झाली. नाव 'गान्कुत्सुओ', दिग्दर्शक माहिरो माएदा, निर्मिती गोंझो या स्टुडिओची. पहिल्याच भागात कार्निव्हल आहे, दोन श्रीमंत तरुण आहेत आणि एक अनोळखी काउंट आहे. मार्सेयचा पत्ताच नाही. ड्यूमाने माकेच्या सांगण्यावरून जो आराखडा सोडून दिला होता, तो १६० वर्षांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या माध्यमात अमलात आला. फरक एवढाच की साल ५०५३ आहे, आणि कार्निव्हल रोमला नाही तर चंद्रावर, लूना नावाच्या शहरात चाललाय.

अंतराळ कुठून आलं याची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. माएदाला मुळात ड्यूमा करायचाच नव्हता. त्याच्या मनात होती आल्फ्रेड बेस्टर या अमेरिकन लेखकाची १९५० च्या दशकातली विज्ञान कादंबरी 'द स्टार्स माय डेस्टिनेशन'. मोडक्या यानात मरणाच्या दारात पडलेला एक सामान्य खलाशी, त्याला मदत न करता निघून गेलेलं दुसरं यान, आणि त्या यानाच्या माणसांवर त्याने उगवलेला सूड, असं तिचं कथानक. तिचे हक्क मिळाले नाहीत. पण बेस्टरने आपला सांगाडा ड्यूमाकडूनच घेतला होता, म्हणून माएदा एक पायरी मागे जाऊन मूळ ग्रंथापाशी पोहोचला. ड्यूमाच्या कादंबरीवर कुणाचेही हक्क उरले नव्हते. आत्मा ड्यूमाचा आणि आकाश बेस्टरचं, असं या मालिकेचं कूळ आहे.

जपानी प्रेक्षकाला मात्र ही गोष्ट परकी नव्हती. 'गान्कुत्सुओ' म्हणजे गुहेचा राजा. हे नाव माएदाने ठेवलेलं नाही. ते आहे कुरोइवा रुइको या पत्रकाराचं. त्याने १८९२ साली 'योरोझु चोहो' नावाचं दैनिक काढलं आणि १९०१-०२ मध्ये त्यात ड्यूमाची ही कादंबरी क्रमशः छापली. कुरोइवा शब्दशः भाषांतर करत नसे. तो इंग्रजीतून पुस्तक वाचायचा, पचवायचा आणि मग आपल्या भाषेत नव्याने सांगायचा. माणसांची नावंही त्याने जपानी केली. एदमाँ दांतेसचा झाला दान तोमोतारो. मराठी वाचकाला ही रीत चांगली परिचयाची आहे. त्याच्याआधी दहा-बारा वर्षं गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला होता. परकी कलाकृती आपल्या मातीतली म्हणून उभी करायची, नावागावासकट, आणि तिचा मूळ आवेश मात्र जराही सांडू द्यायचा नाही, हे एकाच काळात पुण्या-मुंबईत आणि तोक्योत चाललं होतं. कुरोइवाचं नाव जपानी वाचकांच्या मनात इतकं घट्ट बसलं की पुढची शंभर वर्षं तिकडे ड्यूमाच्या या कादंबरीला 'गान्कुत्सुओ' म्हणूनच ओळखलं गेलं.

फ्रेंच दैनिक, तोक्योचं दैनिक, मग टीव्हीवरचा आठवड्याचा अर्धा तास. ही गोष्ट जन्मापासून तुकड्यातुकड्यांनी लोकांपर्यंत पोहोचत आली आहे. सिनेमाने तिला पुन्हा पुन्हा दोन-तीन तासांत बसवायचा प्रयत्न केला आणि दर वेळी अर्धी माणसं दाराबाहेर ठेवावी लागली. मालिकेचे २४ भाग २९ मार्च २००५ पर्यंत, जवळजवळ सहा महिने, दर आठवड्याला एक असे दाखवले गेले. उत्कंठेच्या टोकाला भाग तोडायचा आणि लोकांना आठवडाभर ताटकळत ठेवायचं, हे तंत्र ड्यूमाच्या हाडीमाशी होतं. माएदाने दर भागाच्या आरंभी मागच्या कथेचा धागा फ्रेंचमधून सांगणारा आवाज ठेवला आहे. जपानी मालिकेत हा फ्रेंच आवाज ऐकू आला की आपण कुणाच्या घरी आलो आहोत याची आठवण राहते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माएदाने नायक बदलला. त्याची मालिका आहे आल्बेर द मॉरसेर्फची. आल्बेर म्हणजे दांतेसला तुरुंगात धाडणाऱ्या फर्नांचा आणि दांतेसची वाट पाहून अखेर फर्नांशी लग्न केलेल्या मर्सेदेसचा मुलगा. मालिकेत तो पंधरा वर्षांचा आहे. घरी सगळं आहे, आईवडिलांचं ठरवलेलं लग्न आहे, आणि मनात एक मोठी पोकळी आहे. अशा वयात त्याला काउंट भेटतो. काउंट त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोलतो, त्याला गंभीरपणे घेतो, आजवर कुणी न विचारलेले प्रश्न विचारतो. आल्बेर भारावून जातो. त्याचा जिवलग मित्र फ्रांझ पहिल्या भेटीपासून अस्वस्थ आहे, पण आल्बेर ऐकत नाही.

कादंबरीत रोमच्या चौकात दोघांना देहदंड द्यायचा असतो आणि काउंटने पैसा ओतून एकासाठी माफी मिळवलेली असते. माएदाने हा प्रसंग अधिक धारदार केला आहे. इथे मरणाच्या दारात तिघे उभे आहेत, माफीपत्र एकच, आणि काउंट त्या मुलांसमोर तीन पत्ते धरतो. एक उचला, ज्याचा पत्ता निघेल तो जगेल. आल्बेर हादरतो, चिडतो. पण त्या रात्रीपासून तो या माणसाच्या ओढीत सापडलेला असतो. इथे प्रेक्षकाच्या हाती काय आहे? दांतेस नावाच्या मुलावर झालेला अन्याय त्याने पाहिलेला नाही. त्याला दिसतोय तो फक्त एक सत्ताधीश, जो माणसांच्या मरणाचा खेळ मांडतो आणि एका अजाण मुलाला जवळ ओढतो. ड्यूमा वाचलेल्या माणसाला यामागचं सगळं ठाऊक असतं, तरीही त्याच्या पोटात गोळा येतो. सूड आतून पाहिला तर न्याय दिसतो. ज्याच्या घरावर तो येतोय त्या घरातल्या निरपराध मुलाच्या डोळ्यांनी पाहिला तर काय दिसतो, हे पाहण्यासाठी माएदाने ही जागा निवडली, आणि माझ्या मते या कादंबरीच्या कुठल्याही रूपांतरात एवढा मोलाचा निर्णय दुसरा झालेला नाही.

हा प्रश्न ड्यूमाच्या मनात नव्हता असं नाही. कादंबरीच्या अखेरीस विलफोरच्या घरी त्याची बायको आपल्या लहान एदुआरला विष देऊन स्वतः मरते, आणि त्या मुलाचं प्रेत पाहून काउंटचा पाय पहिल्यांदा घसरतो. मी देवाच्या वतीने हे करतोय, हा त्याचा विश्वास डळमळतो. तो पुन्हा शातो दीफच्या कोठडीत जातो, आपल्या दुःखाची जागा डोळ्यांनी पाहतो आणि मन पुन्हा घट्ट करून परततो. पण हे शेवटच्या काही प्रकरणांत आहे. त्याआधीची शेकडो पानं सूडाच्या आनंदाची आहेत. माएदाने ती शंका उचलून पहिल्या भागातच आणून ठेवली. २००२ सालच्या हॉलिवूड चित्रपटाने याच अडचणीवर काढलेला मार्ग आठवतो. तिथे आल्बेर हा प्रत्यक्षात दांतेसचाच मुलगा निघतो. शत्रूच्या निरपराध मुलाचं काय करायचं, हा प्रश्न त्याबरोबर संपतो. चित्रपट सुखाने शेवटाकडे जातो आणि गोष्टीतला काटा निघून जातो.

काउंटच्या रूपाबद्दल मालिका पाहणाऱ्या पुष्कळांची तक्रार असते. निळसर कातडी, टोकदार कान, सुळ्यांसारखे दात, दोन रंगांचे डोळे. मूळ कादंबरीत हे कुठे आहे, असं विचारलं जातं. ते तिथेच आहे. रोमच्या नाटकगृहात काउंटला पाहून एक सरदारीण घाबरते आणि त्याला लॉर्ड रुथवेन म्हणते. रुथवेन म्हणजे बायरनच्या वर्तुळातून आलेल्या एका गाजलेल्या गोष्टीतला रक्तपिपासू उमराव. थडग्यातून उठून आल्यासारखा फिकटपणा, लोकांसमोर न जेवणं, कधी झोपतो ते न कळणं, हे सगळं ड्यूमाने जाणीवपूर्वक पेरलेलं आहे. मर्सेदेस आपल्या घरच्या बागेत त्याला द्राक्षं आणि पीच देऊ करते आणि तो हात लावत नाही, हा प्रसंग तर कादंबरीतल्या सर्वांत अंगावर येणाऱ्या प्रसंगांपैकी आहे. शत्रूच्या घरचं मीठ खाल्लं की त्याच्यावर हात उचलता येत नाही, हे तिला कळतं. ड्यूमाच्या पात्रांनी काउंटला पिशाच म्हटलं ते उपमा म्हणून. माएदाने ती उपमा खरी मानली आणि चितारली. कादंबरीतली मॉन्टे क्रिस्टो बेटाखालची ऐश्वर्यसंपन्न गुहाही त्याने उचलून थेट पॅरिसमध्ये, शाँझेलिझेवरच्या काउंटच्या हवेलीखाली नेली आहे. तिथे सोन्याचे महाल आहेत आणि जमिनीखाली पसरलेला समुद्र आहे.

आणि ते सारं ज्या पद्धतीने काढलं आहे, त्याबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवं, कारण ही मालिका एकदा पाहिलेला माणूस कथा विसरला तरी तिचे कपडे विसरत नाही.

टीव्हीसाठी ॲनिमे बनतो तेव्हा चित्रात बाह्यरेषा असतात आणि त्यांच्या आत सपाट रंग भरलेला असतो. एक उजेडाची छटा, एक सावलीची, बस. यामागे व्यवहार आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. टीव्हीच्या कामात त्यासाठी सहसा आठ-बारा नवी चित्रं काढली जातात, कधी त्याहूनही कमी. तरीही एका भागासाठी हजारो चित्रं लागतात आणि ती दर आठवड्याला द्यायची असतात. त्यात अंगरख्यावर बुट्टे काढायचे म्हटले तर प्रत्येक चित्रात, प्रत्येक चुणीबरोबर वळणारे बुट्टे हाताने काढावे लागतील. कुणालाही ते परवडणार नाही. म्हणून ॲनिमेतली माणसं सहसा साध्या कपड्यांत वावरतात.

माएदाला तर एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची श्रीमंती हवी होती. किनखाप, मखमल, झालरी, नक्षी. संगणकाच्या मदतीने त्याने यातून काढलेली वाट विलक्षण आहे. माणसाची बाह्यरेषा नेहमीप्रमाणे हाताने काढायची. तिच्या आत रंग भरण्याऐवजी कापडाचा पोत, फुलापानांची नक्षी, पट्टे, जरतार यांचं एक चित्र बसवायचं. ही नक्षी माणसाच्या अंगाबरोबर हलत नाही. ती पडद्यावर आपल्या जागी स्थिर राहते. आल्बेर चालतो, हात उचलतो, वळतो तेव्हा त्याच्या कोटाची फक्त कडा सरकते आणि तिच्यामागून त्या स्थिर नक्षीचा नवा भाग उघडा पडत जातो. खिडकीच्या चौकटीतून बाहेरची बाग पाहत चालावं, चौकट हलावी आणि बाग जागीच असावी, तसा हा अनुभव आहे. कपड्यांनाच नाही, केसांनाही हीच रीत लावली आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोळे गरगरतात. मग ते सरावतात, आणि सरावले की लक्षात येतं की ही नुसती कारागिरी नाही. या जगातल्या लोकांना शरीर नाही, फक्त पृष्ठभाग आहे. फर्नां स्वतःला सेनापती म्हणवतो, दांग्लार सरदार, विलफोर न्यायाधीश, आणि तिघांच्याही अंगावरच्या जरतारीखाली काय आहे ते दिसत नाही. काउंटच्या झग्यात मात्र नक्षीऐवजी खोली दिसते, जणू कापडापलीकडे अथांग काहीतरी आहे. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टच्या चित्रांतली सोन्याच्या नक्षीत बुडालेली माणसं आठवणं अपरिहार्य आहे, आणि क्लिम्टने स्वतः जपानी चित्रकलेतून किती घेतलं होतं हे ठाऊक असेल तर हा प्रवास आणखी रंजक वाटतो. पोशाखांच्या कल्पनेत न्यूयॉर्कची फॅशन डिझायनर ॲना सुई हिचाही हात होता.

पॅरिस शहर, घोडागाड्या, अंतराळातली जहाजं ही संगणकावर त्रिमित बांधलेली आहेत. गोंझो स्टुडिओची ती ओळखच होती. याच माएदाने तिथे १९९८ साली 'ब्लू सबमरीन नंबर ६' केली तेव्हा हातची चित्रं आणि संगणकी दृश्यं यांचा सांधा पुरता जुळला नव्हता. इथेही काही जागी जहाजं खेळण्यासारखी दिसतात. वीस वर्षांनी पाहताना तो भाग म्हातारा झालेला जाणवतो. कपडे मात्र तसेच ताजे आहेत.

संगीताबद्दल थोडक्यात. ते दिलं झाँ-झाक बर्नेल याने. 'द स्ट्रँगलर्स' या ब्रिटिश रॉक बँडचा हा बास गिटारवादक लंडनमध्ये फ्रेंच आईवडिलांच्या पोटी जन्मला आणि कराटेत मुरलेला आहे. फ्रेंच कादंबरी, इंग्लंडमधला गायक, जपानी मालिका. शीर्षकगीत मंद आणि उदास आहे. अखेरचं गीत मात्र उघड धमकीचं आहे, आणि प्रत्येक भाग संपला की लगेच ते अंगावर येतं.

या मालिकेने एक माणूस गाळला, आणि त्याबद्दल मला तक्रार आहे. तो माणूस म्हणजे आबे फारिया.

गोव्याच्या वाचकाला फारियाची ओळख करून द्यायला नको. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. मागे कलंडणाऱ्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला, झग्यातला एक तरतरीत माणूस. जुझे कुस्तोदियो द फारिया १७५६ साली बार्देशातल्या कांदोळी गावी जन्मला, वडिलांबरोबर लिस्बन, तिथून रोम, मग क्रांतीच्या उंबरठ्यावरच्या पॅरिसमध्ये गेला. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करत असे. त्याची टवाळी झाली, नाटकांत त्याची नक्कल झाली, आणि १८१९ साली तो मरण पावला. ड्यूमाने त्याचं नाव घेतलं, त्याला इटालियन विद्वान केलं आणि शातो दीफच्या अंधारात, दांतेसच्या शेजारच्या कोठडीत बसवलं. कादंबरीतला फारिया दांतेसला भाषा शिकवतो, गणित, इतिहास, विचार करण्याची रीत शिकवतो. तुला कुणी अडकवलं हे तोच तर्काने उलगडून दाखवतो, आणि लगेच पश्चात्ताप करतो की मी तुझ्या मनात सूडाची भावना पेरली. खजिन्याचा ठावठिकाणाही तोच देतो. दांतेसचा काउंट होतो तो या गुरूमुळे.

मालिकेत दांतेसच्या अंधारकोठडीत येतो तो गान्कुत्सुओ, युगानुयुगं तिथे बंदिस्त असलेली एक अमानवी शक्ती. ती दांतेसला बळ देते आणि बदल्यात त्याचं शरीर आणि हृदय हळूहळू ताब्यात घेते. दृश्य म्हणून हे जबरदस्त आहे. काउंटच्या कपाळावर जांभळे डोळे उमटतात तेव्हा श्वास रोखला जातो. पण यात एक मोठी गोष्ट हरवते. ड्यूमाचा काउंट निर्दय होतो तो शिकलेल्या, विचारी माणसाच्या निर्दयतेने, आणि तिची जबाबदारी सर्वस्वी त्याची आहे. अंगात शिरलेल्या शक्तीने केलं, असं म्हणायची सोय ड्यूमाने ठेवलेली नाही. खऱ्या फारियाने पॅरिसमध्ये हेच सांगितलं होतं. त्या काळी लोक मानत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एखादा अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि समोरच्याला ताब्यात घेतो. फारियाने ते नाकारलं. असा कुठला द्रव नाही, जे घडतं ते ज्याला झोप लागते त्याच्या स्वतःच्या मनातून घडतं, हे त्याचं म्हणणं होतं, आणि पुढच्या काळाने ते उचलून धरलं. कांदोळीच्या त्या माणसाचं हे मत ज्या गोष्टीत शोभून दिसलं असतं, तिथूनच तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी बाहेरून येऊन झपाटणारी शक्ती आली, याची चुटपुट लागते.

माएदाला हे दिसलं नसेल असं वाटत नाही. आल्बेरच्या नजरेतून गोष्ट सांगायची तर काउंट आतून कळता उपयोगाचा नव्हता. त्याच्या आतला बदल बाहेरून दिसला पाहिजे, म्हणून कातडी निळी, म्हणून कपाळावर डोळे. नजर बदलण्याची ही किंमत होती आणि त्याने ती मोजली.

मोबदल्यात त्याला जे मिळालं ते मालिकेच्या उत्तरार्धात आहे. कादंबरीत काउंटच्या आश्रयाला असलेली हैदे भर सभेत फर्नांचा विश्वासघात उघड करते. यानिनाच्या अली पाशाला, आपल्या वडिलांना, याच माणसाने विकलं हे ती सांगते, आणि बापाच्या बेअब्रूचा सूत्रधार काउंट आहे हे कळल्यावर आल्बेर त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान देतो. आदल्या रात्री मर्सेदेस काउंटकडे येते, त्याला त्याच्या जुन्या नावाने हाक मारते, मुलाचा जीव मागते. काउंट झुकतो. उद्या मी मरेन, तुझा मुलगा जगेल, असं ठरतं. ती घरी जाऊन मुलाला सगळं खरं सांगते. सकाळी आल्बेर सर्वांसमोर क्षमा मागतो आणि पिस्तुलं झाडली जात नाहीत. ड्यूमाच्या कादंबरीतला हा सर्वांत उदात्त प्रसंग.

माएदाने उदात्तता नाकारली. त्याच्या मालिकेतही मर्सेदेस येते आणि मुलाचा जीव मागते, पण हा काउंट वितळत नाही. त्याच्या लेखी एदमाँ केव्हाच मेलेला आहे. द्वंद्व होतं, चिलखती यंत्रांत बसून, आणि आल्बेरच्या जागी आत बसलेला असतो फ्रांझ. मित्राला न सांगता तो त्याच्याऐवजी गेलेला असतो. आल्बेर पोहोचतो तोवर उशीर झालेला असतो. कादंबरीत फ्रांझ ही दुय्यम व्यक्तिरेखा आहे. विलफोरच्या मुलीशी, वालांतीनशी त्याचं ठरलेलं लग्न मोडतं आणि तो गोष्टीतून निघून जातो. माएदाने त्याला मालिकेचं हृदय केलं. एकटा फ्रांझ काउंटचा भूतकाळ शोधत राहतो, आणि प्रेक्षकालाही दांतेसचं सत्य पुष्कळसं त्याच्याच शोधातून कळत जातं. म्हणजे अन्यायाची हकिकत ज्याने उकरून काढली, ज्याला दांतेसचं दुःख समजलं होतं, तोच दांतेसच्या हातून मरतो. सूडाविरुद्ध भाषण ठोकणारं एकही पात्र इथे लागत नाही. पंधरा वर्षांचा एक मुलगा, ज्याचा या जुन्या पापाशी काडीचा संबंध नव्हता, परत येत नाही. मी अनेक रूपांतरं पाहिली आहेत, पण मूळ कथानकाला एवढं मोडून मूळ प्रश्नाशी एवढं प्रामाणिक राहिलेलं दुसरं पाहिलेलं नाही.

त्यानंतरचे भाग घाईचे आहेत. फर्नां पॅरिसमध्ये लष्करी बंड करतो, पूर्वेच्या साम्राज्याशी युद्ध, तोफा, कोसळणाऱ्या इमारती. राजकारणाचा हा धागा आधी पुरेसा विणलेला नसल्यामुळे तो गोष्टीला जड होतो. पण शेवटी पडद्यावर पुन्हा काउंट आणि आल्बेर दोघेच उरतात. आल्बेरला सगळं कळलेलं आहे, फ्रांझ गेलेला आहे, काउंटला मारायला त्याच्याकडे हवं तेवढं कारण आहे. आल्बेर त्याला मिठी मारतो. ती शक्ती सुटते, एदमाँ क्षणभर परत येतो आणि मरतो. ड्यूमाचा काउंट हैदेसोबत शिडाच्या जहाजातून निघून गेला होता, आयुष्य नव्याने सुरू करायला. माएदाने ही सुटका दिली नाही. मारणाऱ्यालाही वाचवायला कुणीतरी त्याच्या जवळ जावं लागतं आणि ते काम जखमी झालेल्यानेच करायचं असतं, एवढी अवघड मागणी तो आल्बेरपुढे ठेवतो. कादंबरीतला आल्बेर बापाचं नाव टाकून आईच्या माहेरचं आडनाव लावतो आणि सैन्यात भरती होऊन आफ्रिकेत जातो. दोन्ही आल्बेर आपापल्या परीने बापाचं कर्ज फेडतात. मला दुसऱ्याचा रस्ता जास्त कठीण वाटतो.

मालिका संपल्यावर माएदाने ही गोष्ट सोडली नाही. २००५ ते २००८ या काळात त्याने कोदान्शाच्या 'आफ्टरनून' मासिकात याच कथेची मांगा चित्रमाला स्वतः काढली. तिचे तीन खंड झाले. दिग्दर्शक म्हणून त्याने आल्बेरच्या खांद्यावरून पाहिलं होतं. कागदावर, स्वतःच्या हाताने काढताना, तो काउंटच्या बाजूला जाऊन बसला आणि त्याचा सूड चितारू लागला.